मानवातील गोवंशीय क्षयरोग

गोवंशीय क्षयरोग हा मायकोबॅक्टेरियम बोव्हिस या जिवाणूमुळे प्रामुख्याने गुरांना होणारा दीर्घकालीन संसर्गजन्य रोग असून तो गुरांपासून माणसालाही होऊ शकतो. माणसाला झालेल्या अशा संसर्गास ‘प्राणिजन्य क्षयरोग’ असे म्हणतात. बाधित जनावराचे न तापवलेले दूध आणि अशा दुधापासून बनवलेले पदार्थ हा संसर्गाचा प्रमुख मार्ग होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगभरात सुमारे १,४०,००० व्यक्तींना या प्रकारचा क्षयरोग झाला आणि त्यांपैकी सुमारे ११,४०० जण दगावले. त्याच वर्षी क्षयरोगाच्या सर्व प्रकारांचे मिळून सुमारे एक कोटी नवे रुग्ण होते; म्हणजे प्राणिजन्य क्षयरोगाचा वाटा दीड टक्क्याच्या आतच भरतो. मात्र हे आकडे प्रत्यक्ष मोजणीतून आलेले नाहीत. रुग्णाच्या शरीरातील क्षयजिवाणू कोणत्या जातीचा आहे हे बहुतेक देशांत तपासलेच जात नाही. त्यामुळे या रोगाच्या साथरोगशास्त्रात ‘रुग्ण किती’ या प्रश्नाच्या आधी ‘ते ओळखले कसे’ हा प्रश्न येतो.

जिवाणू

मायकोबॅक्टेरियम बोव्हिस हा क्षयजिवाणूंच्या एका अतिशय जवळच्या कुळातील आहे. माणसात आढळणारा नेहमीचा क्षयजिवाणू, म्हणजे मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलॉसिस, आणि बोव्हिस यांचे जनुकसंच ९९.९ टक्क्यांहून अधिक सारखे आहेत. माणसाने गुरे पाळली तेव्हा त्यांच्याकडून क्षयरोग माणसात आला, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. जनुकीय अभ्यासांनी ती मागे टाकली. बोव्हिसच्या जनुकसंचातील काही तुकडे गळून गेलेले आहेत, मानवी जिवाणूत मात्र ते शाबूत आहेत. त्यामुळे मानवी जिवाणू बोव्हिसपासून उत्क्रांत झाला असणे संभवत नाही.

दोघांत वैद्यकीय दृष्ट्या महत्त्वाचा फरक एकच आहे. क्षयरोगावरील चार प्रमुख औषधांपैकी पायराझिनामाइड हे औषध बोव्हिसवर चालत नाही. हा प्रतिरोध औषधाच्या वापरातून निर्माण झालेला नसून जिवाणूच्या जनुकातच उपजत आहे. त्यामुळे बोव्हिसचा संसर्ग निश्चित झाल्यास उपचाराचा काळ सहसा सहा महिन्यांवरून नऊ महिन्यांपर्यंत वाढवला जातो.

क्षयरोगाची बीसीजी लस बोव्हिसपासूनच तयार झाली आहे. फ्रान्समधील लील येथे आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ यांनी गाईच्या कासेतून मिळवलेला जिवाणू १९०८ पासून तेरा वर्षे, २३० वेळा, पित्तयुक्त बटाट्याच्या माध्यमावर पुनःपुन्हा वाढवून क्षीण केला. १९२१ मध्ये ती लस प्रथम एका बालकास देण्यात आली. मूत्राशयाच्या कर्करोगावरील उपचारातही बीसीजी वापरतात. क्वचित लसीमुळे किंवा या उपचारामुळे संसर्ग उद्भवल्यास प्रयोगशाळेत तो बोव्हिस म्हणून नोंदला जाऊ शकतो. म्हणून गुरांपासून आलेल्या संसर्गाची गणना करताना असे रुग्ण वेगळे काढावे लागतात.

संसर्गाचे मार्ग आणि रोगाचे स्वरूप

जिवाणू पोटावाटे शिरला तर रोग बहुधा फुप्फुसात न होता इतरत्र होतो. घशातून शिरल्यास मानेच्या लसिका ग्रंथी सुजतात व पुढे फुटून वाहतात. यालाच गंडमाळ म्हणतात. आतड्यातून शिरल्यास पोटातील ग्रंथी, आतडे व उदरावरण बाधित होते. तेथून हाडे, सांधे आणि मेंदूच्या आवरणापर्यंत तो पोचू शकतो. दूध हा लहान मुलांचा मुख्य आहार असल्याने पूर्वी या रोगाचा सर्वाधिक फटका मुलांना बसे.

पोटावाटे संसर्ग होण्यास जिवाणूंची संख्या पुष्कळ लागते, तर श्वासावाटे थोडे जिवाणूही पुरतात. गोठ्यात बाधित जनावरांच्या सहवासात दीर्घकाळ राहणारे पशुपालक, कत्तलखान्यातील कामगार आणि पशुवैद्य यांना श्वासावाटे संसर्ग होऊ शकतो. त्यांना होणारा रोग फुप्फुसांचा असतो आणि लक्षणांवरून तो नेहमीच्या क्षयरोगापासून वेगळा काढता येत नाही.

माणसाकडून माणसाकडे बोव्हिसचा प्रसार क्वचितच होतो, तथापि तो अशक्य नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे सहा रुग्णांची एक साखळी उघडकीस आली आणि २००७ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. या रुग्णांत एकमेकांशी सामाजिक संपर्क आढळला. स्पेन व फ्रान्समधील रुग्णालयांत १९९०च्या दशकात एचआयव्हीबाधित रुग्णांमध्ये बहुऔषधरोधी बोव्हिसचा फैलाव झाला होता. उलट दिशेचा प्रवासही होतो: क्षयरोग झालेल्या गुराख्याकडून किंवा दूध काढणाऱ्याकडून गुरांना संसर्ग झाल्याची उदाहरणे आहेत.

कॉख यांचे मत आणि ब्रिटिश आयोग

झाँ-आँत्वान व्हिलमँ या फ्रेंच लष्करी वैद्याने १८६५ मध्ये माणसाच्या व गाईच्या क्षयग्रस्त ऊतींपासून सशांना रोग होतो हे दाखवले होते. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयजिवाणूचा शोध जाहीर केला, तेव्हा माणसाचा व गुरांचा जिवाणू एकच आहे असे त्यांनी मानले होते. १८९८ मध्ये अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ यांनी दोहोंतील फरक स्पष्ट केला.

यानंतर कॉख यांनी आपले मत पुरते फिरवले. १९०१ मध्ये लंडन येथे भरलेल्या क्षयरोगविषयक परिषदेत त्यांनी असे प्रतिपादन केले की, गुरांचा क्षयरोग माणसाला होणे अत्यंत दुर्मीळ असून त्याविरुद्ध खास उपाय योजण्याची गरज नाही. कॉख यांच्या शब्दाला त्या काळी मोठे वजन होते आणि दूध व मांस यांच्या व्यापाऱ्यांना हे मत सोयीचे होते. परिषदेतच काही शास्त्रज्ञांनी त्यास विरोध केला. ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी या प्रश्नाच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमला. आयोगाने स्वतःची प्रयोगशाळा उभारून रुग्णांपासून मिळवलेले जिवाणू गुरांना, सशांना व इतर प्राण्यांना टोचून पाहिले. दहा वर्षांच्या कामानंतर १९११ मध्ये आलेल्या अंतिम अहवालाचा निष्कर्ष निःसंदिग्ध होता: गुरांचा जिवाणू माणसाला बाधतो, विशेषतः मुलांना, आणि तो मुख्यतः दुधावाटे येतो.

कॉख सर्वस्वी चुकले होते असे मात्र म्हणता येत नाही. १९०८ च्या वॉशिंग्टन परिषदेतही त्यांनी आपला आग्रह सोडला नाही. पण तेथे त्यांचा भर फुप्फुसाच्या क्षयावर होता. प्रौढांच्या मृत्यूंचे मुख्य कारण असलेल्या या क्षयात गुरांच्या जिवाणूचा वाटा अल्प आहे, हे त्यांचे म्हणणे पुढील अभ्यासांनीही बऱ्याच अंशी खरे ठरवले. क्षयरोगाविरुद्धचा पैसा व श्रम माणसाकडून माणसाकडे होणारा प्रसार रोखण्यावरच खर्चावेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. गंडमाळेने वा मेंदूज्वराने आजारी पडणाऱ्या मुलांचा हिशेब मात्र त्या युक्तिवादात राहून गेला.

पाश्चरीकरण आणि गुरांची तपासणी

औद्योगिक शहरे वाढली तशी दुधाची वाहतूक रेल्वेने लांबून होऊ लागली आणि अनेक गोठ्यांतील दूध एकत्र मिसळले जाऊ लागले. ज्यांच्या कासेपर्यंत रोग पोचला आहे अशा गाई थोड्याच असतात, परंतु अशा एका गाईचे दूध मोठ्या टाकीतील सर्व दूध दूषित करते. स्वतःच्या गाईचे दूध पिणाऱ्या कुटुंबाचा धोका त्या एका गाईपुरता मर्यादित असे. शहरातील मूल रोज शेकडो गाईंचे दूध पीत होते. १९३०च्या दशकात ब्रिटनमधील दुभत्या गाईंपैकी सुमारे ४० टक्के गाई ट्यूबरक्युलिन चाचणीत बाधित आढळत आणि या रोगाने दर वर्षी सुमारे दोन हजारांहून अधिक माणसे मरतात असा अंदाज होता. मृतांत मुलांची संख्या मोठी होती.

उपाय दोन होते. पहिला पाश्चरीकरणाचा. दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवल्यास बोव्हिस मरतो. शिकागो शहराने १९०८ मध्ये पाश्चरीकरण सक्तीचे केले. कॅनडातील ओन्टारिओ प्रांताने १९३८ मध्ये ते प्रांतभर लागू केले. ब्रिटनने मात्र, शाही आयोगाचा अहवाल हाती असूनही, १९४९ पर्यंत यासाठी राष्ट्रीय पातळीवरचा कायदा केला नाही. लहान दूध उत्पादकांचा विरोध आणि ‘नैसर्गिक’ दुधाचे सत्त्व तापवल्याने नष्ट होते ही समजूत, ही या विलंबाची प्रमुख कारणे होत.

दुसरा उपाय गुरांच्या मुळाशी जाणारा होता. कॉख यांनीच १८९० मध्ये तयार केलेले ट्यूबरक्युलिन माणसावर औषध म्हणून निरुपयोगी ठरले, पण बाधित जनावर ओळखण्यासाठी ते उत्तम ठरले. डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बांग यांनी चाचणी करून बाधित व निरोगी गुरे वेगळी ठेवण्याची पद्धत रूढ केली. अमेरिकेत १९१७ पासून बाधित जनावरे मारून मालकाला भरपाई देण्याचा कार्यक्रम राबवला गेला. त्या वेळी तेथील सुमारे ५ टक्के गुरे बाधित होती. १९४० पर्यंत सुमारे २३ कोटी चाचण्या झाल्या आणि सुमारे ३८ लाख गुरे मारली गेली. आयोवा राज्यात १९३१ मध्ये शेतकऱ्यांनी चाचणीला इतका तीव्र विरोध केला की सैन्यदल बोलवावे लागले. हा प्रसंग ‘गाईंचे युद्ध’ या नावाने ओळखला जातो. ऑस्ट्रेलियाने १९७० ते १९९७ या काळात मोहीम राबवून देश या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर केले.

वन्य प्राण्यांत रोगाने ठाण मांडले तर हा उपाय अपुरा पडतो. १९६० पर्यंत ब्रिटनमधील गुरांतील रोग जवळपास आटोक्यात आला होता. १९७१ मध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात एक बाधित बिज्जू सापडला आणि तेव्हापासून बिज्जूंना मारावे की नाही हा वाद तेथे चालू आहे. न्यूझीलंडमध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेला पोसम हा प्राणी अशाच प्रकारे रोगाचा वाहक ठरला. गुरांत रोग पुन्हा पसरला, तरी ब्रिटनमध्ये माणसांतील रुग्ण वर्षाला काही डझनांपुरतेच राहिले, कारण दूध पाश्चरीकृत असते. या रुग्णांत वृद्धांचे प्रमाण लक्षणीय आहे. लहानपणी, पाश्चरीकरणापूर्वीच्या काळात, शरीरात शिरलेला व वर्षानुवर्षे सुप्त राहिलेला जिवाणू त्यांच्यात उतारवयात जागा होतो.

स्थलांतर आणि चीज

अमेरिकेत हा रोग जवळपास संपला असे मानले जात असताना मेक्सिकोच्या सीमेलगतच्या सान डिएगो परगण्यात वेगळे चित्र दिसले. १९९४ ते २००५ या काळात तेथे जिवाणूसंवर्धनाने सिद्ध झालेल्या क्षयरुग्णांपैकी १५ वर्षांखालील मुलांत ४५ टक्के, म्हणजे १३८ पैकी ६२ रुग्ण बोव्हिसचे होते. प्रौढांत हे प्रमाण ६ टक्के होते. बहुतेक रुग्ण मेक्सिकन वंशाचे होते. न्यूयॉर्क शहरात २००१ ते २००४ दरम्यान ३५ रुग्ण आढळले. २००४ मध्ये पंधरा महिन्यांच्या एका बालकाचा उदरावरणाच्या क्षयाने मृत्यू झाल्यानंतर तेथील तपासाला वेग आला. कच्च्या दुधापासून मेक्सिकोत बनवलेले ताजे चीज नातेवाइकांमार्फत येत असे, त्यातून हा संसर्ग झाला असावा असा निष्कर्ष निघाला. मेक्सिकोतील गुरांत हा रोग आहे, हे त्यामागील मूळ कारण.

या दोन्ही ठिकाणी रोग दिसला, कारण तेथील प्रयोगशाळा जिवाणूची जात नियमितपणे तपासत होत्या. अशी तपासणी नसती तर हेच रुग्ण साध्या क्षयरोगाचे म्हणून नोंदले गेले असते.

ओळखण्यातील अडचणी

थुंकीची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी सर्व क्षयजिवाणू सारखेच दाखवते. आता सर्वत्र वापरात असलेली जीनएक्स्पर्ट ही रेणवीय चाचणीही या कुळातील जाती वेगळ्या करत नाही. जिवाणूसंवर्धनात आणखी एक खोच आहे: मानवी जिवाणूसाठी वापरण्यात येणाऱ्या ग्लिसरीनयुक्त माध्यमावर बोव्हिस नीट वाढत नाही, त्याला पायरुव्हेट लागते. शिवाय फुप्फुसाबाहेरच्या क्षयात थुंकीचा नमुना निरुपयोगी असतो. सुईने वा शस्त्रक्रियेने ऊतीचा नमुना घ्यावा लागतो. ज्या ग्रामीण भागात कच्चे दूध पिण्याची शक्यता अधिक, तेथेच या सोयी सर्वांत कमी असतात.

याच्या उलट, केवळ लक्षणांवरून बोव्हिसचा अंदाज बांधणेही फसवे ठरते. इथिओपियात गुरांची संख्या आफ्रिकेत सर्वाधिक आहे, कच्चे दूध पिण्याची चाल आहे आणि गंडमाळेचे प्रमाण असाधारण मोठे आहे. तेव्हा तेथील गंडमाळेच्या मुळाशी बोव्हिस असावा असे मानणे स्वाभाविक होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९६४ नमुन्यांची जात तपासली गेली, तेव्हा बोव्हिस केवळ चार नमुन्यांत आढळला. उपलब्ध अभ्यासांच्या त्याच वर्षी झालेल्या एका आढाव्यात क्षयरुग्णांतील बोव्हिसचे मध्यक प्रमाण आफ्रिकेत २.८ टक्के, तर आफ्रिकेबाहेर १.४ टक्के किंवा त्याहून कमी आढळले.

भारतातील स्थिती

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी गाईबैल व ११ कोटी म्हशी आहेत. उपलब्ध अभ्यासांच्या २०१८ मधील एकत्रित विश्लेषणानुसार येथील गुरांत क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के, म्हणजे बाधित जनावरांची संख्या दोन कोटींहून अधिक असावी. विदेशी रक्ताच्या व संकरित गाई देशी गाईंपेक्षा या रोगाला अधिक सहज बळी पडतात असे आढळले आहे. दूध उत्पादन वाढवण्यासाठी संकर आणि मोठे बंदिस्त गोठे यांचा अवलंब होत असताना ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

एवढी बाधित गुरे असताना माणसात बोव्हिस किती आढळतो, याचे उत्तर अनपेक्षित निघाले. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये २०१८-१९ मध्ये मिळालेल्या ९४० जिवाणूसंवर्धनांची तपासणी झाली व तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. बीसीजी लशीतील जिवाणूचे काही नमुने वगळता त्यांत बोव्हिस एकही नव्हता. मात्र सात रुग्णांत मायकोबॅक्टेरियम ओरिजिस हा जिवाणू सापडला. ओरिक्स जातीच्या हरणांवरून नाव पडलेला हा जिवाणू दक्षिण आशियातील गुरांत व वन्य प्राण्यांत आढळतो. ‘प्राणिजन्य क्षयरोग म्हणजे बोव्हिस’ ही जागतिक व्याख्या भारताला जशीच्या तशी लावली तर गुरांपासून आलेले रुग्ण गणनेतून निसटतात, असा या संशोधकांचा दावा आहे. एका रुग्णालयातील नमुन्यांवरून देशाचे चित्र रेखाटणे योग्य नसले तरी बोव्हिसपुरते शोधून थांबणे अपुरे आहे, एवढे त्यातून निश्चित होते. भारतातील गुरांत मानवी क्षयजिवाणूही आढळला आहे. तो बहुधा माणसाकडूनच त्यांच्याकडे गेलेला असतो.

माणसातील संसर्ग मर्यादित राहण्यामागे दूध उकळून घेण्याची घरोघरची रीत हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. दूध उतू येईपर्यंत तापवले की पाश्चरीकरणासाठी लागणाऱ्या उष्णतेपेक्षा कितीतरी अधिक उष्णता त्याला मिळते. चीक वाफवून केलेला खरवसही या दृष्टीने शिजवलेला पदार्थ होय. परंतु या रीतीला अपवाद आहेत. धारोष्ण दूध बलवर्धक असते ही समजूत जुनी असून कोल्हापुरात म्हशीचे नुकतेच काढलेले दूध जागच्या जागी पिण्याचे कट्टे प्रसिद्ध आहेत. पंचामृतात अनेक ठिकाणी निरसे दूधच वापरतात. अशा सवयींमुळे महाराष्ट्रात प्रत्यक्ष किती संसर्ग होतो, हे जिवाणूची जात तपासल्याखेरीज ठरवता येणार नाही.

नियंत्रण

पाश्चात्त्य देशांनी वापरलेला ‘चाचणी करा आणि मारा’ हा मार्ग भारतात व्यवहार्य नाही. धार्मिक भावनेबरोबरच कायद्याचीही मर्यादा आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीस बंदी आहे, म्हशींना ती लागू नाही. दोन-चार गुरांवर गुजराण करणाऱ्या शेतकऱ्याला भरपाई देण्याचा खर्चही प्रचंड होईल. बाधित जनावर वेगळे ठेवणे हा पर्याय कागदावर सोपा आहे. परंतु त्याला आयुष्यभर चारा कोणी घालायचा, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. परिणामी बाधित जनावर बाजारात विकले जाते आणि रोग दुसऱ्या गोठ्यात पोचतो. केंद्र सरकारच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकूत व ब्रुसेलोसिस यांचा समावेश झाला, क्षयरोगाचा नाही.

त्यामुळे गुरांना बीसीजी लस देण्याच्या जुन्या कल्पनेकडे पुन्हा लक्ष वळले आहे. इथिओपियात झालेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लस दिलेल्या गुरांना संसर्ग कमी झालाच, शिवाय संसर्ग झालेल्या लसवंत गुरांकडून तो इतरांकडेही कमी पसरला. दोन्ही परिणाम मिळून प्रसारात सुमारे ८९ टक्के घट आढळली. अडचण अशी की, लस घेतलेले जनावर नेहमीच्या ट्यूबरक्युलिन चाचणीत बाधित असल्यासारखे दिसते. बीसीजीमध्ये नसलेल्या प्रथिनांवर आधारलेल्या नव्या चाचण्या लस आणि संसर्ग यांत भेद करू शकतात.

जागतिक आरोग्य संघटना, जागतिक पशुआरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि क्षयरोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघ यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे प्राणिजन्य क्षयरोगाविषयीचा संयुक्त आराखडा प्रसिद्ध केला. त्यात दहा प्राधान्ये नमूद असून पहिले प्राधान्य विश्वासार्ह आकडेवारी गोळा करण्याचे आहे.